उत्तर पोटात ठेवताना

गुपित पोटात ठेवणं अवघड असतं, हे सगळेच मान्य करतात. त्याहूनही अवघड असतं उत्तर पोटात ठेवणं, पण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. गुपित फोडलं तर लोक नावं ठेवतील, या धाकाने तरी ते चार दिवस टिकतं. उत्तराला तसला कसलाच धाक नसतो. ते सुचलं की बाहेर पडतं, मग कुणी विचारलेलं असो वा नसो. पुण्यात रस्त्यावर थांबून एखादा पत्ता विचारून बघा. ज्याला विचारलं तो सांगतोच, शेजारी उभा असलेला त्याला दुरुस्त करतो आणि कोपऱ्यावरचा पानवाला पुढे होऊन दोघांनाही खोटं पाडतो. "मला माहीत नाही हो" असं म्हणणारा कुणी भेटलाच, तर तोही आपल्यासारखाच परगावचा आहे असं खुशाल समजावं.

समोर लहान मूल असलं की ही खाज आणखीच अनावर होते. घरी पाहुणे आलेले असतात, चहा व्हायचा असतो आणि मधला वेळ भरून काढायला घरातल्या पोराला पुढे ढकललं जातं. "सांग बरं, महाराष्ट्राची उपराजधानी कोणती?" पोर पंख्याकडे बघतं. त्याने नीट विचार सुरूही केलेला नसतो, तोच आजी म्हणते, "अरे, संत्री कुठली?" बाबा म्हणतात, "ना..." आई म्हणते, "नाग..." आणि पोर म्हणतं, "पूर!" सगळे खूश. हुशार आहे हो! पोराने दिलेलं असतं शेवटचं दीड अक्षर. पण कौतुक पुऱ्या शहराचं होतं, आणि आपण थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिलो की मोठी माणसं स्वतःच उत्तर देऊन टाकतात, हा खरा धडा त्या दिवशी ते शिकतं.

शाळेत हाच खेळ कोरसमध्ये चालतो. बाई विचारतात, "हिरव्या वनस्पती आपलं अन्न स्वतः तयार कर...?" वर्ग ओरडतो, "तात!" "म्हणून त्यांना काय म्हणतात? स्वयं...?" "पोषी!" "समजलं का?" "होऽऽ!" या 'हो'ला एक ठरावीक चाल आहे. ती चांद्यापासून बांद्यापर्यंत सारखीच ऐकू येते. तपासणीला आलेले साहेब दारात उभे राहून ऐकतात आणि वर्ग कसा बोलका आहे म्हणून शेरा लिहून जातात. त्याच दिवशी संध्याकाळी त्यातल्या एखाद्या पोराला वृंदावनातली तुळस दाखवून विचारावं, "ही काय खाते रे?" तो शांतपणे सांगतो, "खत."

यात त्याचा काही दोष नाही. सकाळचं 'पोषी' वर्गाचं होतं, संध्याकाळचं 'खत' त्याचं स्वतःचं आहे. आपण पानाला बोट लावून, ऊन दाखवून, "खत तर मातीत आहे, मग हिला उन्हात का ठेवायची?" एवढंच विचारून थांबलो असतो, तर दोघांची गाठ पडली असती. पण थांबायचं कसं, हाच तर सगळा प्रश्न आहे.

वरच्या वर्गांत गेल्यावर कोरस संपतो आणि प्रयोगवही सुरू होते. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजवीकडच्या रेघांच्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. हा क्रम कागदावरचा. प्रत्यक्षात काम चालतं शेवटून. निष्कर्ष सगळ्यांना आधीच पाठ असतो, त्याला शोभेल असं निरीक्षण मागाहून तयार होतं आणि कृती तर गेल्या वर्षीच्या ताईच्या वहीत असतेच. आमच्या प्रयोगशाळेत लंबकावरून गुरुत्व त्वरण काढायचं असे. दोरीला टांगलेला गोळा झुलायचा, स्टॉपवॉच कधी वेळेवर दाबलं जायचं, कधी नाही, खिडकीतून वाराही यायचा. तरीही सगळ्या वर्गाचं उत्तर ९८०च्या आसपास येई. "किती आलं?" असं सर विचारत आणि कुणी ९१२ म्हटलं की म्हणत, "परत बघ." परत गोळ्याकडे बघायचं नसे, आकड्याकडे बघायचं असे. त्या ९१२मध्ये दोरीची लांबी कुठून मोजली, आंदोलनं मोजताना पहिलं 'शून्य' धरलं की 'एक', असं शिकण्यासारखं बरंच काही होतं. ते खोडरबराने पुसलं जाई.

म्हणून आमच्या सोसायटीतल्या सरआजोबांचं मला फार अप्रूप आहे. ते निवृत्त शिक्षक. आयुष्यभर त्यांनी विज्ञान शिकवलं, पण माणूस असा की बोलण्यापेक्षा गप्प बसण्यात जास्त पटाईत. मे महिन्यात सुट्टीने सैरभैर झालेली पोरं पार्किंगमध्ये गाड्यांना ओरखडे काढायच्या बेतात असतात, तेव्हा ते एक हातभर काठी घेऊन खाली उतरतात. अशाच एका १३ मेची ही गोष्ट. काठी त्यांनी वाळू भरलेल्या कुंडीत उभी केली. सरळ आहे ना हे बघायला एका पोराला, शेजारी बांधकाम चालू होतं तिथल्या गवंडीकाकांकडून ओळंबा मागून आणायला पाठवलं. कुंडी अशा जागी ठेवली की कुठल्याच इमारतीची सावली येऊ नये. मग हातात खडू देऊन म्हणाले, "बारा वाजता काठीची सावली कुठे असेल? जिथे वाटतं तिथे रेघ मारा आणि आपापलं नाव लिहा."

पोरांनी तुच्छतेने बघितलं. एवढा सोपा प्रश्न! बारा वाजता सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल. बहुतेकांनी कुंडीलाच नावं चिकटवली. दोन वेण्या घातलेली सहावीतली एक मुलगी मात्र बराच वेळ बघत राहिली आणि तिने पूर्वेकडे बोटभर सरकवून रेघ मारली. कारण विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांनी तिथेच मारलीय म्हणून."

अकरा वाजता सावली पश्चिमेला होती, वीतभराला जरा कमी. साडेअकराला सहाएक बोटं. दर वेळी कोब्यावर खडूची खूण होत होती आणि सावली घड्याळाच्या धाकाने आत आत सरकते आहे असं वाटत होतं. बारा वाजले. सावली अजून तीन बोटं शिल्लक, आणि तीही पश्चिमेलाच. नावं लिहिलेली सगळी मंडळी सरआजोबांकडे बघू लागली. सरआजोबा ओळंब्याच्या दोऱ्याचा गुंता सोडवत होते.

"तुमचं घड्याळ पुढे असेल, सरआजोबा," एक जण म्हणाला. मोबाइल निघाले. सगळ्यांच्या मोबाइलवर बाराच. मग कुणी काठीवर संशय घेतला, ओळंबा पुन्हा लावून झाला. काठी सरळ होती. कुणी कोबा उताराचा आहे म्हणालं. बाटलीतलं पाणी ओतून तेही तपासलं गेलं. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक बाबा खाली आले. त्यांनी खुणा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, सोपं आहे! आपली प्रमाणवेळ मिर्झा..."

"जरा पोटात ठेवता का?" सरआजोबा हळूच म्हणाले. "इतकी वर्षं ठेवलंत, अजून अर्धा तास."

गॅलरीतून मला त्या बाबांचा चेहरा दिसत होता. माणसाला शिंक येता येता अडवावी तसे ते झाले होते. त्यांनी पाण्याच्या टाकीला एक फेरी मारली, परत आले, पुन्हा तोंड उघडलं आणि मोठ्या कष्टाने मिटलं.

वेण्यावालीला तेवढ्यात सुचलं, "नागपूरच्या दादाला विचारू या का, त्याच्याकडे काय झालं ते?" व्हिडिओ कॉल लागला. मावसभाऊ झाडूचा दांडा घेऊन गच्चीवर गेला. मागून मावशीचा आवाज येतच होता, "अरे, नागपूरचं ऊन आहे ते! डोक्याला रुमाल बांध!" रुमाल बांधून झाला, दांडा विटांमध्ये उभा राहिला आणि थोड्या वेळाने त्याने कळवलं की बारा-दहाच्या आसपास सावली सगळ्यात छोटी होती, आता परत लांबायला लागली. वर असंही म्हणाला की छोटी झाली तरी पूर्ण गेली नाही, थोडीशी उत्तरेकडे उरलीच.

इकडे बारा-एकतीसच्या सुमारास काठीने आपली सावली गिळली. अगदी शेवटच्या क्षणी पोरं स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. उड्या मारल्या तर पायांच्या खाली सावली वेगळी दिसते आहे का, हात पसरले तर काय होतं, याची तपासणी सुरू झाली. वेण्यावाली मात्र बोटांवर मोजत होती. "एकवीस मिनिटं," ती म्हणाली. "सूर्य आधी नागपूरला पोचला आणि मग एकवीस मिनिटांनी आपल्याकडे आला." कुणीतरी म्हणालं, "एवढ्या लवकर? आम्हाला तर रेल्वेने रात्रभर लागते." यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की सूर्य काही नागपूरला थांबत नाही, घड्याळंच सगळ्यांची एक आहेत आणि दुपार प्रत्येकाची वेगळी आहे. मग सरआजोबांनी त्या बाबांना खूण केली, आणि त्यांनी अखेर मिर्झापूर मोकळं केलं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, ते रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं. पोरांनी ते असं ऐकलं की जणू कुणी चोरीचा तपास लावून देत होतं. तासाभरापूर्वी हेच वाक्य त्यांनी ऐकलं नसतं. ऐकलं असतं तर 'हो'ची चाल लावली असती.

प्रश्न नसताना हाती आलेलं उत्तर म्हणजे कुलूप नसलेली किल्ली. काही दिवस ती जपून ठेवतो आणि पुढे घर आवरताना टाकून देतो. सरआजोबांनी त्या दिवशी पोरांना आधी कुलूप मिळवून दिलं. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती नावानिशी मारलेली खडूची रेघ. स्वतःचं नाव घालून मारलेली रेघ चुकली की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस लक्ष देऊन बघतो.

हे माझं गॅलरीतलं मत झालं. पण हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट वर्गात तपासून २००४ साली प्रसिद्ध केली. वर्गात प्रयोग नुसता करून दाखवला, तर ज्यांनी तो पाहिला आणि ज्यांनी पाहिलाच नाही, त्यांच्या समजुतीत फारसा फरक दिसला नाही. मात्र प्रयोगाआधी "काय होईल असं वाटतं?" याचं उत्तर मुलांकडून घेतलं, तेव्हा समज स्पष्टपणे वाढली. म्हणजे प्रयोग बघण्याइतकीच, प्रयोग व्हायच्या आधी आपण कुठे उभे होतो ही गोष्ट महत्त्वाची. त्याच विद्यापीठातला २०१९चा एक अभ्यास तर आणखी गमतीचा आहे. ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः झटापट करत धडा शिकला, त्यांना चाचणीत जास्त गुण पडले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकलेल्यांना उलट वाटलं. आमच्या सोसायटीत हे सिद्ध करायला अभ्यासाची गरज नव्हती. "सरआजोबांनी आज काय शिकवलं?" असं आयांनी विचारल्यावर पोरं एकमुखाने म्हणाली, "काही नाही. काठी बघितली."

आणि सूर्याचीही यात थोडी फूस आहे म्हणायला हवं. मकरवृत्त ते कर्कवृत्त या पट्ट्यातल्या गावांच्या बरोबर डोक्यावर तो वर्षातून दोनदा येतो, आणि सगळा महाराष्ट्र या पट्ट्यात आहे. शून्य सावलीचा हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडी-कोल्हापूरकडून निघतो, १३ मेच्या सुमारास पुण्यात असतो, मग मुंबई, आणि २६ मेच्या आसपास नागपूर. मावसभावाची उरलेली सावली त्या दिवशी गेली. त्याने आपणहून फोन करून कळवलं. दिल्लीचा अक्षांश कर्कवृत्ताच्या वर असल्यामुळे राजधानी असूनही तिच्या बरोबर डोक्यावर सूर्य कधीच येत नाही, ही बातमी पोरांना विशेष आवडली. आता वेळापत्रक बघा. पहिली फेरी मे महिन्यात, तेव्हा शाळांना सुट्टी. दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा शाळा चालू पण आभाळ बंद. पिढ्यान्‌पिढ्या "बारा वाजता सूर्य डोक्यावर" हे वाक्य वर्गात बिनधोक राहिलं, त्यामागे मोसमी वाऱ्यांचाही हात आहे.

आता एवढं वाचून कुणी म्हणेल, मग पुस्तकं रद्दीत घाला आणि पोरांना उन्हात उभी करा. तसं माझं म्हणणं नाही. मेंडेलीव्हने १८६९ साली जी आवर्तसारणी मांडली, ती आठवीतल्या पोराने बुधवारच्या तिसऱ्या तासाला आपली आपण शोधून काढावी, असं मनात धरणं म्हणजे त्या पोराचा छळ आहे. 'ळ' कसा लिहायचा हे शोधून सापडत नाही, दाखवावंच लागतं. पाढ्यांचंही तसंच. आमची आजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी अशा सगळ्या पायऱ्या चढलेली होती. साडेतीन रुपये डझनाने अडीच डझन केळ्यांचे किती, हे केळेवाला आकाशाकडे बघत असेपर्यंत तिचं सांगून, देऊन, वर केळी दाबून बघून झालेलं असे. पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांनी तिच्याबरोबर मंडईत जायला हवं होतं. फरक इतकाच की तिच्या औटकीला रोज केळेवाला भेटत होता.

पाठांतर आणि विस्मरण यांचा पहिला पद्धतशीर हिशेब ज्याने मांडला, तो जर्मन अभ्यासक हर्मन एबिंगहाउस तर घोकंपट्टीचा महामेरूच. अर्थ नसलेली अक्षरं त्याने स्वतःच तयार केली, स्वतःच घोकली, स्वतःच विसरला आणि किती विसरलो हेही स्वतःच मोजलं. १८८५ साली त्याने दाखवून दिलं की असं घोकलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरतं आणि मग उरलेलं सावकाश जातं. शेवटचा पेपर टाकून घरी येणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावरचा हलकेपणा बघितला की एबिंगहाउसचा आलेख डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरंच निवडली होती, हे विसरून चालणार नाही. अर्थ असता तर त्याला विसरणं जड गेलं असतं. आपण मात्र चांगला अर्थ असलेला धडा घेतो, त्याचा 'पोषी' करतो आणि एबिंगहाउसचा प्रयोग दर वर्षी लाखो मुलांवर पुन्हा करून बघतो.

शिवाय उत्तर पोटात ठेवायचं तर ते आधी पोटात असावं लागतं. हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. सरआजोबांचं गप्प बसणं आणि न येणाऱ्या माणसाचं गप्प बसणं, दोन्ही लांबून सारखंच दिसतं. पण १३ मे निवडणं, इमारतींच्या सावल्या टाळणं, खडू आधी देणं, बाबांना नेमक्या वेळी थोपवणं आणि नेमक्या वेळी मोकळं सोडणं, यात आयुष्यभराचं ज्ञान खर्ची पडलं होतं. व्याख्यान द्यायला त्याच्या निम्मीही तयारी लागत नाही. "शोधा म्हणजे सापडेल" म्हणून वर्गातून निघून जाणाऱ्याला मोकळीक देणारा शिक्षक म्हणत नाहीत, रजेवरचा शिक्षक म्हणतात.

अशी तयारी करणारी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा वारली मुलांच्या हाताला बिया, पानं, शिंपले होतेच. मोजणी आणि रंग-आकार त्यातूनच सुरू झाले. मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा उठून गुरांमागे गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. मूल येत नाही म्हणून हजेरीपटावर लाल शाईची फुली मारणं कितीतरी सोपं होतं.

नंतरच्या काळातलं ठळक नाव अरविंद गुप्ता यांचं. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा अभियंता पुण्यात ट्रकच्या कारखान्यात होता. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यातल्या शाळांसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. तिथे ते गेले आणि मग ट्रककडे त्यांचं लक्ष लागेना. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्या भांडवलावर त्यांनी भूमिती उभी केली. नळीचे बारके तुकडे करायचे, त्यांत काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर तो हटत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लागताच तिरका होतो, अगदी आडवाच पडतो. हे ज्या पोराच्या बोटांना एकदा कळलं, ते पत्र्याच्या शेडखाली उभं राहून वर बघतं आणि छपराच्या कैच्यांमध्ये सगळीकडे त्रिकोणच का आहेत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. गुप्ता यांनी पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं. ती जिथे भरते त्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य', कारण तिच्यामागे पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचं पाठबळ आहे. विनोदाच्या कमाईतून पोरांची प्रयोगशाळा उभी राहावी, यात मला एक खास मराठी आनंद वाटतो.

अलीकडे या सगळ्याला 'ज्ञानरचनावाद' असं भारदस्त नाव मिळालं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी तो इतका जिवंत करून दाखवला की राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. त्यांना तिथे पोरं जमिनीवर गटागटाने बसून आपापसांत शिकताना दिसली, आणि खाली रंगवलेली फरशीही दिसली. परत आल्यावर फरशी रंगवणं लगेच जमण्यासारखं होतं. त्यामुळे अनेक गावांत ऑइलपेंटचा खप वाढला. काही ठिकाणी त्या फरशीवर खरोखरच शिकणं उमललं. काही ठिकाणी रंग जाऊ नये म्हणून पोरांना तिच्यावर पाय ठेवायला बंदी झाली.

शहरात याचीच दुसरी आवृत्ती 'प्रकल्प' या नावाने चालते. मुलाने स्वतः करून शिकावं म्हणून शाळा प्रकल्प देते. तो आई कापते, बाबा चिकटवतात आणि स्टेशनरीचं दुकान पुरवतं. जूनमध्ये काउंटरवर उभं राहून ऐकावं. "सातवीचं जलप्रदूषण आहे का?" "संपलं. वनसंवर्धन देऊ?" शेजारी थर्माकोलचा तयार ज्वालामुखी, लाव्हा रंगवलेला, फक्त नाव घालायचं बाकी. नावाची जागा मात्र मोकळी सोडलेली असते. तेवढं काम मुलाने स्वतःच करायचं असतं.

आमच्या वेण्यावालीची चाचणी जुलैत झाली. चूक की बरोबर सांगा : 'दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते.' एका गुणाचा प्रश्न. अपेक्षित उत्तर 'बरोबर' असं एका शब्दात होतं. हिने लिहिलं, 'पुण्यात चूक. मिर्झापूरला साधारण बरोबर. नागपूरला दहा मिनिटांनी चूक.' पेपर हातात आला तेव्हा त्यावर अर्धा गुण होता. आई माझ्याकडे तो कागद घेऊन आली. शाळेत जाऊन भांडावं, की पोरीला निदान परीक्षेत तरी पुस्तकातलं लिही म्हणून बजावावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. मला दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं, आणि मी तशी सुरुवातही केली होती. तेवढ्यात पोरगीच म्हणाली, "अगं, चूक असतं तर बाईंनी शून्य दिलं असतं. अर्धा दिलाय, म्हणजे त्यांनाही शंका आलीय."

पुढच्या मे महिन्यात बाईंना पार्किंगमध्ये बोलवायचं, असं तिचं आणि सरआजोबांचं ठरलं आहे. बाईंना आधी काही सांगायचं नाही, फक्त खडू द्यायचा, ही अट तिचीच.